आधी नंबर

सुटका संध्याकाळी होते. कोर्टाचा आदेश कारागृहात पोचणं, रजिस्टरं, सह्या-अंगठे, आत जमा केलेल्या वस्तू परत घेणं, हे सगळं होईतो दिवस मावळतो. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची असेल तर कायद्यानं महिला पोलीस अधिकारी लागते, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, तीही अपवाद म्हणूनच. सोडायला असलं काहीच लागत नाही. साडेसातला दार उघडतं, बाई पिशवी घेऊन बाहेर, दार बंद.

येरवड्याच्या महिला कारागृहाबाहेर मी पहिल्यांदा अशी वाट बघत थांबले ती २०२४च्या दिवाळीआधीच्या आठवड्यात. सुटून येणाऱ्या बायकांना मदत करणारा आमचा पाच-सहा जणींचा गट आहे. नाव नाही, लेटरहेड नाही, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. बाकीच्या समुपदेशन वगैरे शिकलेल्या. मी बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळे माझ्याकडे कागदपत्रं.

जिची वाट बघत होते ती बार्शीकडची. पुण्यात स्वयंपाकाची कामं करायची. जून २०२२मध्ये एका घरातलं सोनं गेलं आणि कलम ३८१ लागलं, म्हणजे नोकरानं मालकाकडे केलेली चोरी, जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं. खटला अजून चालू आहे. तिनं ते घेतलं होतं की नाही, हे मी विचारलेलं नाही. आमच्यातल्या एकीला ते विचित्र वाटतं. मला नाही वाटत, ते ठरवायला कोर्ट आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. चौथ्या महिन्यात तिला जामीन मंजूर झाला होता. पंधरा हजारांचा जामीनदार आणायचा होता. जामीनदार म्हणजे रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, ऐपतीचा दाखला असं सगळं घेऊन तिच्यासाठी कोर्टात उभा राहणारा माणूस. तसा माणूस तिच्याकडे नव्हता. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना २०२३मध्ये आली, ती तिच्या बरॅकपर्यंत आली नाही. शेवटी नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ४७९ कामी आलं. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायचं. जुन्या केसेसनाही ते लागू आहे, असं सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२४मध्ये सांगितलं. सात वर्षं म्हणजे चौऱ्याऐंशी महिने, त्याचे तीन भाग, अठ्ठावीस. व्याजाचं गणित करावं तसं मी ते वहीच्या मागच्या पानावर केलं होतं. चार महिने जामीन मिळेपर्यंतचे. उरलेले चोवीस एका घरपट्टीच्या पावतीचे.

बाहेर आल्यावर ती रडेल, मिठी मारेल, असं काहीबाही मी मनात धरून गेले होते. ती म्हणाली, "मॅडम, एक फोन लावता का?" भावाचा नंबर तिला पाठ होता, दहाच्या दहा आकडे. लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. तिनं पुन्हा सांगितला, सावकाश, मीच चुकीचा दाबला असणार अशा सुरात. पुन्हा तेच. मग नगर रस्त्यावर येईपर्यंत ती काही बोलली नाही. तिथं डोक्यावरून मेट्रो गेली, तेव्हा फक्त मान वर केली. ती आत गेली तेव्हा येरवड्यात मेट्रो नव्हती.

एका वसतिगृहात पंधरा दिवसांची सोय झाली होती. पहिल्याच रात्री तिथून तक्रार आली की ही बाई ट्यूबलाइट बंद करू देत नाही. बरॅकमध्ये रात्रभर दिवा असतो, तिला अंधारात झोपच येईना. शिवाय संध्याकाळी पाचला तिला कडकडून भूक लागायची आणि बाकीच्या साडेआठला जेवायला बसल्या की घास उतरायचा नाही. पाचला मी तिला पोळीभाजी नेऊन द्यायची, हा माझा समाजसेवेतला मुख्य भाग.

लोक मदत करतात. साड्या देतात. शिलाई मशीन तर इतकेजण देऊ करतात की तुरुंगातून सुटलेल्या प्रत्येक बाईला ब्लाउज शिवता येतो असा त्यांचा समज असावा. हिला हवा होता फोन नंबर. नंबर नाही म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणजे बँक नाही, रेशन नाही, लाडकी बहीण नाही. आधारला जोडलेला जुना नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला गेला होता. लावून बघितला तर एक मुलगा हिंदीत बोलला. सिमकार्डच्या दुकानात अंगठा लागेना. भांडी घासून आणि कणीक मळून बोटांच्या रेघा गेलेल्या. दुकानदार म्हणाला, "अहो, नीट दाबा की." तिनं नखं पांढरी होईपर्यंत दाबलं. शेवटी आधार केंद्रावर डोळे स्कॅन करून काम झालं, पन्नास रुपये फी, रांगेत दोन तास.

बँकेत गेलो तर खातं निष्क्रिय. दोन वर्षं व्यवहार नसला की होतंच ते. काउंटरवरच्या मुलीनं पत्त्याचा पुरावा मागितला आणि "उद्या या" म्हणाली. अगदी माझ्या आवाजात म्हणाली. मी बत्तीस वर्षं तेच वाक्य त्याच सुरात म्हटलंय, समोरची बाई रजा टाकून आली आहे की कुठून सुटून, हे न बघता. खातं पुन्हा चालू करायला पैसे लागत नाहीत हा नियम मला पाठ होता म्हणून मॅनेजरपर्यंत गेले आणि काम झालं. एकटी असती तर ती उद्या आली नसती, हे मला आता कळतं.

कामाचं सांगते. फराळाचे दिवस, चकली-करंजीला हात हवेच होते. पहिल्या ठिकाणी मी खरं सांगितलं. बाई भल्या होत्या, चहा दिला, आणि कळवते म्हणाल्या. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "आधी कुठं होतीस?" ती माझ्याकडे बघायला लागली. "बाहेरगावी होती," मी म्हटलं. आठ दिवस काम मिळालं. हे खोटं बोलणं मला अजून पचलेलं नाही, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा बोलेन.

तिची लेक अकरा वर्षांची, जावेकडे बार्शीला. दिवाळीत ही तिकडे गेली नाही. "तारखेला जाऊन आले की जाते," असं म्हणते, आणि शिवाजीनगर कोर्टात दर वेळी पुढची तारीख मिळते. जावेशी फोनवर बोलणं होतं. लेक अजून फोनवर येत नाही.

परवा तिनं माझा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. मी म्हटलं, अगं, फोनमध्ये सेव्ह केलाय ना आपण, पाठ कशाला करायचा?

"फोन काढून घेतात ना मॅडम," ती म्हणाली.