मेटल डिटेक्टर: पहिली खरेदी फसली, दुसऱ्या वेळी काय तपासलं

पहिला डिटेक्टर मी तो किती खोलवरचं शोधतो या आकड्यावर भाळून घेतला. खोक्यावर ठळक अक्षरात छापलेली खोली, सोबत १५ इंची कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची चकती) आणि धातू ओळखून आकडा दाखवणारा पडदा. सहा महिन्यांत तो माळ्यावर गेला. दुसरा घेताना काय काय तपासलं, ते जवळपास त्याच क्रमाने इथे मांडतो.

सुरुवात त्या खोलीपासूनच. कॉइलच्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, दुसरं परत येणारं टिपतं. जाताना हे क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने विरतं. त्यामुळे नाण्यात जो प्रवाह उठतो त्याचं क्षेत्र वर येतानाही त्याच प्रमाणात विरतं. एकूण हिशोब असा की, लहान वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर गेली की तिचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. दुप्पट खोल जायचं तर ६४ पट ताकद हवी. नुसती १० टक्के खोली वाढवायची तरी सुमारे १.७७ पट. म्हणून एकाच प्रकारच्या, सारख्याच कॉइलच्या दोन मशिनांत नाण्याच्या खोलीचा फरक पडला तर बोटभर पडतो. २५ मिलिमीटर व्यासाचं नाणं २० ते २५ सेंटिमीटरवर नीट लागलं तर मशीन उत्तम चाललंय असं समजायचं. जाहिरातीतले मीटर-दोन मीटरचे आकडे असतात पिंपाएवढ्या धातूसाठी, तेही बहुधा मध्ये माती नसताना.

'काही मीटरवरून सोनं शोधा' म्हणणारी अँटेनावाली यंत्रं तर या हिशोबातच बसत नाहीत. हातात मूठ, पुढे फिरणारी सळई, कॉइल कुठेच नाही. मनगट नकळत कलतं आणि सळई वळते, एवढंच त्यातलं तंत्र. याच धर्तीचं एडीई ६५१ नावाचं 'स्फोटकशोधक' इराकच्या तपासनाक्यांवर वापरलं जात होतं. त्याचं मूळ गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यात निघालं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा ठोठावली. तेव्हा कॉइल नसलेलं काहीही घ्यायचं नाही, हा पहिला नियम.

आता मोठी कॉइल. १५ इंची कॉइल मोठ्या वस्तू जास्त खोलवरच्या दाखवते, हे खरं. पण ती एका वेळी मातीही जास्त बघते आणि तिच्याखाली एकाच वेळी नाणं आणि तीन खिळे येऊ शकतात. खिळ्यांचा प्रतिसाद नाण्याला गिळतो आणि मशीन गप्प बसतं. नाणं तिथे होतं हे तुम्हाला कधी कळतच नाही. शिवाय दांड्याच्या टोकाला लटकणारं वजन. एकूण वजनापेक्षा ते कुठे आहे हे मनगटाला जास्त जाणवतं. मिनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० चं वजन १.३४ किलो, त्यांच्याच सीटीएक्स ३०३० चं २.४ किलोच्या आसपास. दुकानात पाच मिनिटं हातात धरून हा फरक कळत नाही, दोन तास सलग फिरवल्यावर खांदा सांगतो. माझा निष्कर्ष: नेहमीच्या कामाला १० किंवा ११ इंची, खिळे-पत्र्यांच्या जागेसाठी ६ इंची. १५ इंची घ्यायचीच तर सगळ्यात शेवटी.

कॉइलचा प्रकारही बघून घ्यावा. कॉन्सेंट्रिकमध्ये एका वर्तुळात दुसरं वर्तुळ असतं. तिचा शोध शंकूसारखा खाली निमुळता होतो, त्यामुळे नेमकी जागा पकडायला बरी. पण लोहयुक्त मातीत ती लवकर कुरकुरायला लागते. डबल-डीमध्ये दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली असतात आणि शोध पुढून मागे जाणाऱ्या पात्यासारखा होतो. माती कशी आहे याचा अंदाज नसेल तर डबल-डी घ्यावी.

मातीचा प्रश्न खरा इथे सुरू होतो, आणि बहुतेकांचा पस्तावाही. साध्या, म्हणजे व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर सतत चालणाऱ्या) जातीच्या मशिनाला लोहखनिजांची माती हाच एक भलामोठा सिग्नल वाटतो. तो वजा करणं म्हणजे ग्राउंड बॅलन्स. स्वस्त मशिनांत तो कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. नेहमीच्या मातीत तो चालून जातो, पण लाल-काळ्या खनिजांच्या जमिनीवर मशीन सतत बरळतं. मग माणूस सेन्सिटिव्हिटी (मशीन किती क्षीण सिग्नल ऐकेल ती पातळी) कमी करत जातो आणि खोली निम्म्यावर येते. जुळवता येत असेल तर पद्धत सोपी आहे. खाली धातू नाही अशी जागा शोधायची, कॉइल जमिनीपासून पाच सेंटिमीटरवरून पंचवीसपर्यंत वर-खाली पंपासारखी हलवायची, आणि वर जाताना व खाली येताना आवाज सारखा झाला की थांबायचं. जागा बदलली की पुन्हा.

ओली खारी वाळू ही आणखी वेगळी गोष्ट. खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन तिथे चिवचिवत राहतं. कोरड्या वाळूवर छान चाललेलं मशीन दहा पावलं पुढे पाण्याजवळ गेल्यावर वेडंवाकडं बोलू लागलं तर ते बिघडलेलं नाही, त्या जागेचं नाही. तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मशीन लागतं, किंवा तुटक झटके सोडून मधल्या वेळात ऐकणारं पल्स इंडक्शन. पल्स इंडक्शन मीठ आणि खनिजं दोन्ही सहन करतं, पण लोखंड आणि इतर धातू यांतला फरक फारसा सांगत नाही. समुद्रकिनाऱ्यावर ते चालतं. जुन्या वस्तीच्या पडीक जागेत घेऊन गेलात तर दिवसभर खिळे खणाल.

फ्रिक्वेन्सीचंही तेच. ५-१० किलोहर्ट्झच्या आसपासचं मशीन तांब्या-चांदीच्या नाण्यांना चांगलं, पण सोन्याच्या बारीक कणाला जवळजवळ आंधळं. सोन्याच्या कणांसाठी बनवलेली मशिनं ४५, ४८, ७१ किलोहर्ट्झवर चालतात. ती खिळ्यांच्या जागी डोकं उठवतात.

पडद्यावरचा आकडा धातू ओळखत नाही. वस्तूची वाहकता आणि आकार मिळून जे होतं ते तो दाखवतो. म्हणून सोन्याची अंगठी, ॲल्युमिनियमची फॉइल आणि पेयाच्या डब्याची ओढायची कडी हे सगळे एकाच पट्ट्यात येतात. कड्या खणून कंटाळा आला म्हणून तो पट्टा डिस्क्रिमिनेशनने (नको ते सिग्नल गाळायच्या सोयीने) बंद केला की अंगठ्याही बंद. गंजलेला वाकडा खिळा, खोलवरचा मोठा लोखंडी तुकडा आणि बाटलीचं पत्र्याचं बूच हे उलट चांदीसारखा उंच आकडा देतात. यासाठी दोन उपाय. एक, सिग्नलभोवती ९० अंशात फिरून पुन्हा कॉइल फिरवायची. नाण्याचा आकडा दोन्हीकडून साधारण तोच राहतो, खिळ्याचा उड्या मारतो किंवा आवाज तुटतो. दोन, बुचाचा संशय असेल तर डबल-डी कॉइल हळूच मागे ओढत वस्तू तिच्या पुढच्या टोकाखाली आणायची. बूच असेल तर कडेला लोखंडाचा घोगरा आवाज बऱ्याचदा निघतो.

परत करायची मुदत असते त्या दिवसांतच मी हे सगळं उरकलं. घरात चाचणी घेऊन काही कळत नाही. फरशीखालच्या सळ्या, एलईडी दिवे, वायफाय, खिशातला फोन, सगळे मशिनात बोलतात. याच गोंगाटामुळे कितीतरी चांगली मशिनं 'खराब' म्हणून परत जातात. मोकळ्या जागी, वीजतारांपासून लांब जाऊन आधी कॉइल हवेत स्थिर धरायची. आवाज येत असेल तर फ्रिक्वेन्सी किंवा चॅनल थोडा सरकवायचा, तरीही गेला नाही तर सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरवायची. मग जमिनीवर नाणं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरात दोन खिळे ठेवून चारही दिशांनी फिरवून बघायचं. नाण्याचा आवाज किमान दोन दिशांनी वेगळा ऐकू आला नाही तर कचऱ्याच्या जागेसाठी ते मशीन घेऊ नये. जाहिरातीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मला या चाचणीचा भरवसा जास्त.

वायरलेस हेडफोनवर मी असाच एकदा फसलो. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १५० मिलीसेकंद किंवा त्याहून उशिरा येतो. कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने फिरत असेल तर बीप ऐकू येईपर्यंत ती १५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, आणि खड्डा चुकीच्या जागी पडतो. कमी विलंबाचा कोडेक (आवाज पाठवायची पद्धत) मशीन आणि हेडफोन दोन्हीत हवा. नसेल तर सरळ वायर लावावी.

'वॉटरप्रूफ' हा शब्द नक्की कशाबद्दल लिहिलाय ते वाचावं. मिनलॅबच्याच व्हँक्विशमध्ये कॉइल एक मीटर पाण्यात जाते, पण वरचा डबा पाण्यात जायचा नाही. इक्विनॉक्स ८०० अख्खं तीन मीटरपर्यंत जातं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं आणि कॉइलचं कव्हर काढून आतली वाळू झटकायची. काळी वाळू आत साचली की कॉइल विनाकारण बीप देते. लोक कॉइल बदलायला निघतात आणि दोष असतो मूठभर वाळूचा.

वापरलेलं मशीन घेताना कॉइल बोटाने टकटक वाजवून बघावी. नुसत्या टकटकीने आवाज फुटत असेल तर आत तार किंवा भराव सुटलाय. केबल कनेक्टरजवळ हलवून बघावी, बॅटरीच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी आहे का पाहावं, कॉइलचे कान (दांडा जिथे बोल्टने बसतो ते) तडकलेत का तेही. ते तडकतात प्लास्टिकचा बोल्ट अंगातलं बळ लावून आवळल्यामुळे. रबरी वॉशर असतील तर बेताने आवळलेलं पुरतं. मिनलॅबच्या जीपीएक्ससारख्या महागड्या मशिनांच्या हुबेहूब नकला फिरतात, म्हणून सिरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्यावा. आणि कंपनी हयात आहे ना, तेही. आजन्म वॉरंटी देणारी टेसोरो २०१८ मध्ये बंद पडली, व्हाइट्स २०२० मध्ये. त्यांची मशिनं अजून उत्तम चालतात, पण कॉइल गेली तर शोधत बसावं लागतं.

शेवटची चूक म्हणजे सगळे पैसे मशिनातच घालून पिनपॉइंटरसाठी, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या डिटेक्टरसाठी, काही न ठेवणं. खड्ड्यातल्या ढेकळात नाणं कुठेय हे मोठ्या कॉइलने शोधत बसलं की प्रत्येक खड्ड्यामागे पाच-दहा मिनिटं जातात आणि फावड्याचा ओरखडा नाण्यावर उमटतो. पिनपॉइंटर चालू केल्यावर मोठं मशीन किंचाळत असेल तर घाबरू नका, दोघं एकमेकांना ऐकतायत. कॉइल हातभर लांब, पालथी ठेवली की गप्प होतात.