दुधात मिठाचा खडा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, जर्मनीत, माझ्याकडे एकच काम होतं: नायट्रोजनचा धन आयन आणि हायड्रोजनचा रेणू थंडीत एकत्र ठेवायचे आणि त्यांची अभिक्रिया किती वेगाने होते ते मोजायचं. ताऱ्यांच्या दरम्यानच्या वायूच्या ढगांत अमोनिया बनायला सुरुवात होते ती याच पायरीपासून.

तिथे तापमान 10 केल्व्हिनच्या आसपास. साधे रेणू एवढ्या थंडीत सहसा एकमेकांना दाद देत नाहीत. आयन मात्र आपल्या विद्युतभाराने समोरच्याला ओढून घेतो, म्हणून बऱ्याच आयन-अभिक्रिया थंडीतही धडाक्यात चालतात. आमची जोडी त्याला अपवाद. तिच्या वाटेत सुमारे 200 केल्व्हिनएवढा छोटासा ऊर्जेचा चढ आहे (आम्ही ऊर्जाही केल्व्हिनमध्येच मोजतो). हायड्रोजनचे रेणू दोन प्रकारचे, ऑर्थो आणि पॅरा. ऑर्थो हायड्रोजन एवढ्या थंडीतही स्वतःभोवती फिरत असतो, त्याच्या अंगात 170 केल्व्हिनची शिदोरी आधीच असते, त्यामुळे तो चढ जवळजवळ चढून जातो. पॅरा थंडीत फिरत नाही, तो खालीच राहतो.

म्हणून मी पॅरा हायड्रोजन वापरला. उपकरण म्हणजे आयन धरून ठेवणारा 22 दांड्यांचा सापळा. 14 वस्तुमानाचे, म्हणजे नायट्रोजनचे, आयन निवडून आत सोडायचे, हेलियमने गार करायचे, थोडा थोडा वेळ थांबून किती उरले ते मोजायचं. पॅराने वेग खाली आला खरा, पण मग तिथेच अडकला. तापमान 20 वरून 15 केल्व्हिनवर नेलं तरी आकडा जवळजवळ ढिम्म. तीन आठवडे मी तापमापी, पंप, डिटेक्टर सगळ्यांवर संशय घेतला. एकदा तर गणितावरही, आणि ते अगदी बरोबर निघालं, हे जास्त वाईट.

चोर गॅसच्या नळीत होता. आदल्या प्रयोगाचा साधा हायड्रोजन तिच्यात उरला होता. साध्या हायड्रोजनमध्ये चारांतले तीन रेणू ऑर्थो असतात. म्हणजे दोन टक्के जुना गॅस उरला तरी दीड टक्का ऑर्थो. पॅरा जवळपास काहीच करत नसताना मी त्या दीड टक्क्याचाच वेग मोजत बसलो होतो!

नळी तापवली, रात्रभर पंप केली. दुसऱ्या दिवशी आकडा घसरला.

जुनी मापं मी फेकणार होतो, गाइडनी थांबवलं. ढगांतला हायड्रोजन तरी कुठे निखळ पॅरा असतो? तिथलाही अमोनिया त्या उरल्यासुरल्या ऑर्थोवरच अवलंबून असतो. मग त्या तीन आठवड्यांत नळीत नेमका किती ऑर्थो होता, ते शोधण्यात पुढचा महिना गेला.