सिल्लारी गेटवरची माफी

"ताई, नाराज नका होऊ न. आज वाघ नाही दिसला."

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर जिप्सीतून उतरताना आमची गाईड हे म्हणाली, आणि तेव्हापासून मला चैन नाही. वाघ दिसला नाही म्हणून तिने माफी का मागायची?

पुण्याहून भाऊजी सहकुटुंब आले होते. नागपुरातले दोन दिवस उन्हातच गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून, कामठी-मनसर करत पेंचला पोचलो.

एप्रिलचं जंगल. साग पार उघडे, कुल्लूची पांढरी खोडं उजेड व्हायच्या आधीच दिसायला लागलेली, मोहाच्या फुलांचा गोड, जड वास. पाणवठ्याजवळ चितळाचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्याचा इशारा आला, पाठोपाठ वानराचा. गाईडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. शेंड्यावरचं वानर एकाच दिशेला बघत खाकरत होतं. मी श्वास धरून बसले होते. दहा मिनिटांत भाऊजी म्हणाले, "चला, दुसरीकडे साइटिंग झाली असेल." निघालो.

तासाभराने त्याच वाटेने परत आलो, तर मघाच्या आमच्याच टायरच्या खुणांवर पंजाचे ठसे उमटलेले. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. गाईड वाकून म्हणाली, "मादी आहे. आत्ताच गेली." माझ्या अंगावर काटा आला. मागून आवाज आला, "म्हणजे पैसे पाण्यात!" त्या मुलीने मान खाली घातली. जवळच्याच गावातली ती, हे जंगल तिचं अंगण.

आपण जंगलावर नाही, वाघावर प्रेम करतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात 'जय' नावाचा वाघ होता तेव्हा आमचं अर्धं ऑफिस तिकडे धावायचं. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला आणि पुन्हा कुणी कऱ्हांडल्याचं नाव काढलं नाही. जंगल तिथेच होतं.

मला पेंच बाबांनी दाखवलं. त्यांच्यासोबत चार वेळा आले, वाघ एकदाही दिसला नाही. रात्री अंगणात बाज टाकून ते तारे दाखवायचे. २०२४ च्या जानेवारीत पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार दिव्यांच्या उजेडापासून जपणारी जागा झालं, ती बातमी वाचून मी रडले होते. बाबा तेव्हा नव्हते.

हे सगळं त्या गाईडला सांगायचं होतं. तोंडून एवढंच निघालं, "अगं, नाराज नाही मी. ठसे दाखवलेस न तू." जूनअखेर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग बंद व्हायच्या आधी पुन्हा येते, असंही सांगितलं. सोबतीला शांत बसणारं कुणीतरी शोधते आहे.