ब्याण्णव म्हणजे निम्मे

‘रूनस्केप’ हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे तोंडोतोंडी चालत आले आहे: ब्याण्णव म्हणजे नव्याण्णवचे निम्मे. नवख्याला हे गणित चुकलेले वाटते, पण आकडे समोर ठेवले की पटते. खेळातल्या बहुतेक कौशल्यांत ९९वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात आणि ९२वी मिळते ती ६५,१७,२५३ एक्सपींवर, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्ध्या वाटेवर. तिथवर येण्यासाठी जेवढे कष्ट पडले, तेवढेच उरलेल्या सात पायऱ्यांना पडणार असतात. लाकूडतोडीत मी ९२वर पोहोचले त्या रात्री कागद घेऊन हिशेब मांडला होता. यू झाडाचा एक ओंडका १७५ एक्सपी देतो, म्हणजे अजून ३७,२४१ ओंडके. इन्व्हेंटरीत, म्हणजे पात्राच्या पिशवीत, जागा २८, म्हणजे झाडापासून ओंडके ठेवायच्या बँकेपर्यंत १,३३० फेऱ्या. आणि माझा वेग तासाला साधारण पस्तीस हजार एक्सपी, म्हणजे आणखी १८६ तास.

हा हिशेब मी घरात मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा धाकट्या भावाने एकच प्रश्न विचारला: “ताई, मग तू हे करतेसच का?” ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांमधल्या ग्राइंडिंगविषयी, म्हणजे तेच राक्षस मारत, तीच झाडे तोडत तासन्‌तास घालवण्याविषयी, हा प्रश्न प्रत्येक खेळाडूला कधी ना कधी ऐकावा लागतो. मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. आज माझे मत असे झाले आहे की, पुन्हापुन्हा तेच करणे हा ग्राइंडिंगचा दोष नव्हे. आपण कधी आणि किती वेळ बसायचे हे आपल्याऐवजी खेळ ठरवू लागला, की तिथून वेळ वाया जायला लागतो.

ग्राइंडिंग मुळात आले कुठून, हे समजून घेतले तर या मतामागचे कारण कळेल. एखादा प्रदेश, त्यातली माणसे, कथा आणि लढाया उभ्या करायला खेळ बनवणाऱ्यांना कित्येक महिने लागतात आणि खेळाडू ते सारे काही दिवसांत संपवून मोकळा होतो. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या खेळाला ही तफावत कशाने तरी भरून काढणे भागच होते. मार्च १९९९मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने ती संथपणाने भरून काढली. तिथे पात्र मेले की कमावलेले एक्सपी कमी होत, आणि जादूगाराला संपलेली शक्ती परत मिळवण्यासाठी मंत्रांचे पुस्तक उघडून बराच वेळ नुसते बसून राहावे लागे. एखादा दुर्मीळ राक्षस प्रकटण्याची वाट पाहत सहा-सहा जणांचे गट एकाच जागी ठाण मांडून बसत. या सक्तीच्या बैठकांमध्ये माणसे एकमेकांशी बोलत आणि तिथे जमलेल्या मैत्रीच्या आठवणी जुने खेळाडू आजही मोठ्या जिव्हाळ्याने सांगतात.

त्या कष्टांची किंमतही कोणी काढली नाही असे नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’मधल्या नॉराथ या जगाचा अभ्यास केला. खेळातली पात्रे आणि नाणी बाहेरच्या लिलावांत खऱ्या पैशांना विकली जात होती. त्या भावांवरून त्याने मांडले की तिथे घालवलेल्या एका तासाची मिळकत सुमारे ३.४२ डॉलर पडते. हा आकडा मला आवडतो, कारण ज्याला सगळे जण फुकट गेलेला वेळ म्हणत होते त्याला बाजाराने किंमत दिली होती. तरीही माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. बागेत फिरण्याचा तासाचा दर काढून कोणी बागेचे मोल ठरवत नाही.

माझे उत्तर मला त्या यू झाडांखाली सापडले. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतरचे ते महिने होते. दिवसभर त्यांची औषधे, ड्रेसिंग, डॉक्टरांचे फोन सांभाळून रात्री अकराच्या पुढे मी संगणकापुढे बसत असे. डोके इतके शिणलेले असे की वाचलेले पान लक्षात राहत नव्हते आणि झोपही येत नव्हती. झाडावर एकदा क्लिक केले की कुऱ्हाडीचा ठक्, ठक् असा एकसुरी आवाज सुरू होई, कोपऱ्यात ओंडके एकेक करून जमत आणि मधूनच झाड कोसळून बुंधा उरला की शेजारच्या झाडावर पुन्हा क्लिक करायचे. त्याच झाडांपाशी आणखी एक खेळाडू रोज येत असे. आठवडाभर आम्ही काहीच बोललो नाही. मग एके रात्री त्याने लिहिले, “काल दिसला नाहीस, बरा आहेस ना?” मी मुलगी आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी वडिलांविषयी सांगितले. त्याने सांगितले की त्याची रात्रपाळी असते आणि दोन फोनच्या मध्ये तो झाडे तोडतो. पुढचे तीन महिने आम्ही जे बोललो ते मी समोरासमोर कोणाशी बोलू शकले असते असे मला वाटत नाही. जात्यावर बसले की ओवी सुचते म्हणतात ते खरे आहे. हातांना बिनडोक काम मिळाले की मन मोकळे होते. लढाई रंगात आलेली असताना असे बोलणे शक्यच नसते, कारण तिथे प्रत्येक सेकंद मोजलेला असतो. (‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ने, म्हणजे याच खेळाच्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीने, २०२३मध्ये एकाच झाडावर अनेकांनी मिळून कुऱ्हाड चालवली तर थोडा फायदा मिळेल अशी सोय केली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. कुणाच्या तरी लक्षात आले होते की झाडाखाली नेमके काय घडते.)

आता दुसरी बाजू. ग्राइंडिंगमध्ये नशिबावर सोडलेल्या बक्षिसांचा एक प्रकार असतो आणि त्याचे गणित फार निष्ठुर आहे. एखादी वस्तू मिळण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर शंभर वेळा बॉस, म्हणजे ती वस्तू देणारा मोठा राक्षस, मारल्यावर ती मिळायलाच हवी, असे आपल्याला आतून वाटत राहते. प्रत्यक्षात शंभर प्रयत्नांनंतरही साधारण ३७ टक्के खेळाडू रिकाम्या हातानेच असतात आणि तीनशे प्रयत्नांनंतरही जवळजवळ पाच टक्के. आधीच्या अपयशांचा पुढच्या प्रयत्नाशी काही संबंध नसतो, पण ‘एवढे केले, आता सोडायचे कसे’ हा विचार मात्र दर फेरीला बळावत जातो. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रयोगांवरून दाखवले होते की, बक्षीस कितव्या प्रयत्नाला मिळेल हे अनिश्चित ठेवले की प्राणी सर्वांत चिकाटीने कळ दाबत राहतो आणि बक्षीस बंद झाले तरी लवकर थांबत नाही. खेळांच्या रचनेत हे तत्त्व किती खोल मुरले आहे, हे माउंटसाठी, म्हणजे स्वारीच्या एखाद्या दुर्मीळ प्राण्यासाठी, एकाच गुहेत वर्षभर दर आठवड्याला उतरलेला कोणीही खेळाडू सांगेल.

मला स्वतःला मात्र नशिबापेक्षा हजेरीने अधिक छळले. मी दुसरा एक खेळ खेळत होते. त्याचे नाव इथे घेत नाही. त्यात रोज सात छोटी कामे असत, ती मध्यरात्री पुसली जात आणि एक दिवस चुकला की महिनाअखेरचे बक्षीस हातचे जाई. कामे अवघड नव्हती, चाळीस मिनिटांत संपत. पण ती चाळीस मिनिटे माझी नव्हती. वडिलांना पुन्हा ताप आला त्या रात्री त्यांच्या उशाशी बसून मी मोबाइलवर घड्याळ पाहत होते आणि माझ्या मनात ताप किती आहे यापेक्षा बारा वाजायला किती मिनिटे उरली आहेत हे आधी आले. ते लक्षात आले तेव्हा मला जी लाज वाटली ती मी विसरलेले नाही. गिल्डमधल्या, म्हणजे खेळातल्या माझ्या गटातल्या, मंडळींना दोन ओळींचा निरोप लिहून मी तो खेळ त्याच आठवड्यात काढून टाकला. यू झाडांनी मला असे कधीच बोलावले नव्हते. महिनाभर गेले नाही तरी माझे ६५ लाख जिथल्या तिथे होते.

रचनेतला असा छोटा फरक मनावर किती परिणाम करतो, याचे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधले एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. नोव्हेंबर २००४मध्ये खेळ बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणीत, बराच वेळ सलग खेळणाऱ्याचे एक्सपी निम्मे करण्याचा प्रयोग झाला होता. खेळाडू चिडले. मग आकडे तेच ठेवून शब्द बदलले: पूर्वीचा पूर्ण वेग आता विश्रांती घेऊन आलेल्याला मिळणारा दुप्पट बोनस ठरला आणि पूर्वीची शिक्षा हा नेहमीचा दर ठरला. लोक खूश झाले. या बदलाला मी फसवणूक म्हणणार नाही. उठून जा, परत आलास की तुझे काही बुडालेले नसेल, उलट थोडे जास्तच मिळेल, असे सांगणारा ग्राइंड मला माणुसकीचा वाटतो. त्याच खेळाने २०१४मध्ये पैसे भरून थेट ९०व्या लेव्हलवर जाण्याची सोय विकायला काढली, तेव्हा मात्र मला वाईट वाटले. वाट वगळण्यासाठी लोक पैसे मोजू लागतात, तेव्हा ती वाट चालण्याजोगी का राहिली नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ २०२२पासून लागू झाला आहे. त्याच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, हे साधारणपणे बारा महिने दिसले पाहिजे असे त्यात म्हटले आहे. मला ही व्याख्या योग्य वाटते. माझ्या १८६ तासांवर बोट ठेवणारे लोक माझ्या चाळीस मिनिटांविषयी काहीच म्हणत नसत, आणि ताबा सुटला होता तो त्या चाळीस मिनिटांत.

वडील आता बरे आहेत. रात्रपाळीवाल्या मित्राची नोकरी बदलली, तो दिवसा कामाला जातो आणि क्वचितच ऑनलाइन दिसतो. माझी लाकूडतोड ९६वर आहे. हिशेबाचा तो कागद कीबोर्डखाली आहे, त्यावर शंभर फेऱ्या झाल्या की मी एक रेघ मारते; कधी आठवड्यात एक रेघ पडते, कधी तीन महिने एकही नाही. परवा झाडांपाशी एक नवखा खेळाडू आला, माझी लेव्हल पाहून त्याने विचारले, “आता थोडेच राहिले असेल ना?” मी त्याला ब्याण्णवचे गणित सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग माझ्याच झाडावर कुऱ्हाड चालवू लागला.