ट्रॅकवर शिकायला साधाच टायर घ्या

कापसाचे पैसे हाती आले की आमच्या पांढरकवड्याकडची गाडीवेडी पोरं विचारायला येतात, "दादा, कार घेऊन रेसच्या ट्रॅकवर जायचं हाय, टायर कोणता टाकू?" उत्तर त्यांच्या मनात आधीच ठरलेलं असतं: मऊ, रुंद, महागडा. मी स्पष्ट नाही म्हणतो. गाडी ताब्यात ठेवायला शिकायचं असेल, तर कंपनीने दिलेल्या मापाचा साधा, रस्त्यावरचा टायर घ्या.

वळणावर टायर किंचित घसरतच पकड देत असतो. साधा टायर पकड संपत आली की आधी ओरडतो, मग हळूहळू सोडतो. स्विफ्टसारख्या गाडीत तेव्हा स्टिअरिंग हलकं लागतं, नाक वळणाबाहेर ओढलं जातं. पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद कमी केला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि नाक परत आत वळतं. अलगदच बरं का. झटक्यात सोडला तर मागची बाजू फिरू शकते. मऊ टायरवर हेच सगळं जास्त वेगात घडतं, इशारा उशिरा मिळतो आणि सावरायला वेळ उरत नाही. शिवाय चुकलेली लाइन, म्हणजे वळणातला गाडीचा मार्ग, घाईचा ब्रेक, सगळं तो पोटात घालतो. चूक कळलीच नाही तर सुधारणार कशी?

"पण मऊ टायरवर फेरीचा टाइम कमी येईन ना!" येईल. तो आत्ता महत्त्वाचा नाही.

टायरच्या बाजूला ट्रेडवेअरचा आकडा छापलेला असेल तर बघा. आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ. ट्रॅकवाले 200 किंवा त्याखालचे मऊ टायर वापरतात. शिकणाऱ्याने 300-400 च्या घरातला घ्यावा. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना अंदाजानेच करा. आपल्याला चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जायचं तर हैदराबादमार्गे हजारेक किलोमीटर पडतात. त्याच टायरवर जायचं आणि त्याच टायरवर घरी यायचं.

चारही टायर एकसारखे हवेत. फरक असलाच तर चांगली जोडी मागे. टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेला टायर ट्रॅकवर अजिबात नको, तापला की वरचा थर सुटू शकतो. थोडी झिजलेली नक्षी मात्र कोरड्या ट्रॅकवर चांगलीच चालते. कोऱ्या टायरची खोल नक्षी हलते, तापते आणि तिचे तुकडे उडतात. पण नक्षी पार जाऊन गोटा झालेला टायर नेऊ नका.

हवेचं गणित खडूने करा. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण असतो. त्याच्यावरून बाजूपर्यंत खडूची जाड रेघ ओढा आणि काही फेऱ्या मारा. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर आहे. त्याच्याही खाली पुसला गेला तर हवा कमी आहे, टायर कडेवर लोळतोय. वरच थांबला तर जास्त आहे. तापल्यावर हवेचा दाब चढतो, म्हणून दर वेळी गाडी आत आली की लगेच मोजा आणि वहीत लिहा.

ट्रॅकवर गरम टायरमधून हवा सोडली असेल, तर परतीच्या रस्त्याला लागण्याआधी टायर थंड होऊ द्या आणि दारावरच्या स्टिकरवर आहे तेवढी हवा परत भरा.