तात्यांच्या नेटबुकात नवा फायरफॉक्स

दिवाळीला देवगडजवळच्या आमच्या घरी पोचलो तर पिशवी खाली ठेवायच्या आधीच तात्यांनी नेटबुक समोर आणून ठेवलं. "सातबारो उघडत नाय. माज्यान काय बिघडूक नाय, आधीच सांगतंय."

नेटबुक 2009 सालचं. दहा इंची पडदा, इंटेलचा अ‍ॅटम एन270, एक जीबी रॅम, आणि विंडोजच्या जागी मीच कधीतरी घालून दिलेलं लिनक्स, उबुंटू 14.04. तात्या त्यावर आंब्याच्या पेट्यांची बिलं करतात, गिऱ्हाइकांचे पत्ते ठेवतात. हे सगळं फोनवर होतं असं कितीही सांगा, त्यांना पटत नाही. कळ दाबली की ती खाली गेल्याचं बोटाला समजलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. मला तो मान्य आहे.

फायरफॉक्स हा ब्राउझर उघडला तर साइट कुठलीही असो, 'जोडणी सुरक्षित नाही'. मी ब्राउझरलाच दोष देत बसलो. मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: 1 जानेवारी 2009. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत अशा दोन तारखा असतात. 2009 सालात बसलेल्या नेटबुकच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. हाताने तारीख लावली की साइट उघडे, पण वायर काढली की नेटबुक परत 2009 मध्ये. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डावरचा सीआर2032 सेल संपला होता. सेल बाजारात घड्याळवाल्याकडे लगेच मिळाला. वेळ खाल्ला तो झाकणाच्या स्क्रूंनी. खाऱ्या वाऱ्याने ते असे गंजले होते की शिवणाच्या मशीनचं तेल सोडून रात्रभर तसंच ठेवावं लागलं.

घड्याळ लागलं, साइट उघडू लागल्या, पण बरीच पानं नुसती पांढरी. फायरफॉक्स होता 66, म्हणजे मार्च 2019 चा. एका कोऱ्या पानाचा कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडून पाहिला. पानं ज्या भाषेवर चालतात त्या जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे टिंब अशी एक खूण वापरतात. फायरफॉक्सला ती समजू लागली 74 पासून, मार्च 2020 मध्ये. त्याआधीचा ब्राउझर या खुणेपाशी अडखळतो आणि ती अख्खी फाइलच टाकून देतो.

म्हणून टर्मिनलात नवं सॉफ्टवेअर मागवायच्या आज्ञा दिल्या: सुडो ऍप्ट-गेट अपडेट, मग अपग्रेड. उत्तर आलं, बदलायचं काही नाही. तात्या खूश, "बघ, सगळा बराबर आसा!" मला मात्र या उत्तराचाच राग आला. उबुंटू 14.04 चा नेहमीचा आधार एप्रिल 2019 मध्ये संपला. गोदामात नवा मालच येत नाही आणि गोदामवाला म्हणतो सगळं ताजं आहे.

मग फायरफॉक्सची कॉम्प्रेस केलेली फाइल थेट उतरवून घेतली. पहिली नव्या प्रोसेसरांसाठीची, 64-बिटची निघाली. एन270 हा 32-बिट प्रोसेसर, तो ती चालवेलच कसा! दुसरी 32-बिटची आणली तर तिला खिडक्या-बटणं काढणारं जीटीके 3.14 किंवा पुढचं हवं, आणि 14.04 मध्ये आहे 3.10. फुटलेलं कौल बदलायला वर चढावं आणि वासाच वाळवीने पोखरलेला निघावा, तसं झालं. तेव्हा ठरवलं, अख्खी सिस्टीमच बदलायची.

इथे वाटा थोड्याच. क्रोमने 32-बिट लिनक्स 2016 मध्येच सोडलं. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या लिनक्सला 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. मी डेबियन 12 वर उभं असलेलं अँटीएक्स 23 हे हलकं लिनक्स घेतलं. घरात रेंज जेमतेम, म्हणून माझा लॅपटॉप आणि फोन घेऊन सड्यावर गेलो. कातळावर दोन तास बसून फाइल उतरवली आणि तिथेच पेनड्राइव्ह तयार केला. तात्यांच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढल्या. हे आधी करा, कुणीही, कधीही.

संध्याकाळी इन्स्टॉल सुरू केलं. साठ टक्क्यांवर परतीचा पाऊस गडगडला आणि लाईट गेली. नेटबुकची बॅटरी नावापुरती, पडदा काळा. दुसऱ्या दिवशी सकाळी, आभाळ बघून, पहिल्यापासून सुरुवात. या पडद्याची उंची फक्त 600 पिक्सेल, त्यामुळे 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली लपलेलं. ऑल्टची कळ धरून माऊसने खिडकी वर ओढायची, ही युक्ती सुचेपर्यंत मी चार वेळा रद्द करून बसलो होतो.

बाकी सोपं गेलं. अपडेट दिल्यावर फायरफॉक्सची जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती, ईएसआर 140, आली. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते, लोहित फॉन्ट घातल्यावर गेले. कीबोर्डला मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा लावला, कारण तात्यांची बोटं त्यालाच सरावलेली. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने भंगारातली रॅमची दोन जीबीची डीडीआर2 पट्टी अडीचशेला दिली. पण पट्टीपेक्षा जास्त फरक पडला तो यूब्लॉक ओरिजिनने. जाहिराती थांबल्या आणि मिनिटभर घुटमळणारं पान काही सेकंदांत येऊ लागलं. एका वेळी तीन टॅब, त्याहून जास्त नाही, असं तात्यांना बजावलंय. व्हिडिओचं नावच काढायचं नाही.

हेही फार दिवसांचं नाही. 32-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची 144 ही शेवटची नेहमीची आवृत्ती. ईएसआर 140 ला सुरक्षेचे अपडेट किमान सप्टेंबर 2026 पर्यंत मिळतील असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलंय. तात्यांना हे सांगितलं. म्हणाले, "तवसर एक हंगाम होतलो. पुढचा पुढे."

मग सातबारा उघडला. सर्व्हे नंबर घातला, उतारा आला. पडद्यावर पान मावावं म्हणून मी झूम ऐंशीवर ठेवलं होतं. तात्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "अक्षरां बारीक दिसतत रे."

झूम शंभरवर नेलं. उतारा उतरवायचं बटण पडद्याच्या खाली गेलं.