एकोणसाठ की एकोणसत्तर?

रविवारी सकाळी सहाला मी गच्चीवर, टाकीला पाठ लावून. हातात वॉकीटॉकी, मांडीवर बेळगावातल्या आमच्या वॉर्डाचा नकाशा. पुरात फोन बंद पडले तर सेटवरून निरोप कुठून कुठं पोचतो, त्याची चाचणी. भाचा कपिलेश्वर उड्डाणपुलाखाली उभा. सेट खरखरला, "मामा, ऐकू येऊलालंय काय?"

हा प्रश्न विचारायचा नाही असं मी दहा वेळा सांगितलंय. त्यावर सगळे "व्हय व्हय" म्हणतात, आणि अर्धं वाक्य गिळलेलं असतं ते कुणी कबूल करत नाही. म्हणून प्रत्येकाला मी चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर एक घर नंबर आणि एक निरोप. ऐकणाऱ्यानं तो कागदावर लिहायचा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. पहिल्या दमात जुळला तर नकाशावर हिरवी टिकली, तीनदा विचारावं लागलं तर लाल.

भाच्यानं चिठ्ठी वाचली, "घर नंबर एकोणसाठ, म्हातारी माणसं दोन." मी लिहिलं एकोणसत्तर. पुन्हा विचारलं, पुन्हा एकोणसत्तर. खऱ्या पुरात होडी दहा घरं पुढं गेली असती. आता नियम केलाय, आकडे सुटे बोलायचे. पाच, नऊ. आमच्यातली कन्नड बोलणारी पोरं हसली, पण त्यांच्यातही एळु आणि एंटुनं तोच घोळ घातला. सात आणि आठ.

हे सगळं का, तर ऑगस्ट २०१९. बेळगावात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना वेगळं सांगायला नको. लाइट गेली, माझ्या फोनची रेंज गेली, आणि बळ्ळारी नाल्याकडच्या बहिणीच्या घरी काय चाललंय ते कळायला मला गुडघाभर पाण्यातून चालत जावं लागलं. शहापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मोर्स कोड न लागणारी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, खालची परीक्षा मी पास झालेलो, लायसन्स फ्रेममध्ये, सेट कपाटात. त्या दिवशी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण समोरच्या टोकाला कुणी नव्हतंच.

आता गणपती मंडळाची पोरं, दोन दूधवाले, शिकवणी घेणारी ताई असे अकरा जण आहेत. लायसन्स माझ्याकडं आणि टिळकवाडीच्या एका मित्राकडं, बाकीच्यांकडं नाही. त्यांनी दोन मीटरच्या, म्हणजे हॅमवाल्यांच्या, बँडवर बोलायचं नाही. त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, २०१८ च्या नियमांनी कमी ताकदीच्या सेटला लायसन्समाफी मिळालेला पट्टा. भाच्यानं ऑनलाइन एक पाच वॅटचा सेट मागवला होता, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलणारा. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पोलिसांच्या चॅनलवर चुकून बटण दाबलं गेलं तर मंडळाचा अध्यक्ष मी आहे, तो नाही.

"पण मामा, पाच वॅट!" त्याचं पालुपद. अरे, वॅट दुप्पट केले तर सिग्नल मीटरवर अर्धा आकडा चढतो. ह्या लाटा जवळपास सरळ रेषेत जातात, आड घर आलं की संपलं. त्याच पोराला मी गल्लीतून दुसऱ्या मजल्यावर चढवलं तेव्हा खरखर जाऊन आवाज लख्ख आला. सेट पट्ट्याला अडकवून बोललं की निम्मा सिग्नल आपलं पोटच खातं. ते तोंडापाशी, एरियल उभा धरून दाखवलं. बटण दाबून एक श्वास थांबायचं, नाहीतर निरोपाचा पहिला शब्दच खाली पडतो.

खासबागेत वेगळीच गंमत. टिकल्या हिरव्या असायला हव्या होत्या, सिग्नल भरपूर. पण दोन्ही बाजूला माग सुरू, आणि त्या खटखटीत स्पीकर ऐकणार कोण? मागवाले अण्णा ओरडले, "केळसवल्दू!" ऐकूच येत नाही. तिथं दीडशे रुपयांचा इअरफोन लागला. पुढं आठवडी बाजार भरायच्या आत आम्ही तिथून निघालो.

लाल टिकल्या सगळ्या येळ्ळूर रोडला, नाल्याच्या उतारावर. म्हणजे जिथं पाणी येतं, नेमकं तिथंच. भाच्याला लगेच येळ्ळूरचा किल्ला, राजहंसगड, सुचला. मी आणि मित्र गेलोही. शिवाजी महाराजांच्या ज्या पुतळ्याचं अनावरण मार्च २०२३ मध्ये तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा झालं, त्याच्या सावलीत बसून मित्र दोन मीटरवर बोलला. मी नाल्याच्या काठावर, आणि त्याचा आवाज हॅमच्या भाषेत पाच-नऊ, म्हणजे शेजारी बसल्यासारखा. पण जुलैच्या ढगात, विजा कडाडताना, उघड्या गडावर एरियल धरून कोण उभा राहणार? शिवाय तिथं लायसन्सवाला हवा, म्हणजे आम्हा दोघांतला एक खाली कमी.

उत्तर सापडलं वडगावच्या एका तीन मजली घरात. तिथल्या काकू गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांच्या हातात ४४६ चा सेट दिला, तर नाल्याकडचा पोरगाही ऐकू येतो आणि मीही. त्यांनी निरोप जसाच्या तसा पुढं सांगितला. "दोन माणसं, एकाला साखर, इन्सुलिन संपलंय." पदरचा एक शब्द नाही. भाच्याला तेच काम दिलं तर "एक पेशंट सिरियस आहे" झालं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा फेरी मारली. ओल्या झाडांनी दोन हिरव्या टिकल्या खाल्ल्या, काकूंची गच्ची मात्र टिकली. छत्रीखाली, सेटला प्लास्टिकची पिशवी बांधून.

आता अडचण एकच. काकू जुलैचे पहिले पंधरा दिवस लेकीकडं हुबळीला जाणार. समोरच्या घराची गच्ची तेवढीच उंच आहे, पण गटारीवरून त्यांचं आणि काकूंचं तीन वर्षं बोलणं नाही. परवा दुकान बंद झालं की मी तिकडं चहाला जाणार आहे. काकूंच्या पापडांचं पुडकं नेऊ की नको, तेवढं ठरत नाही.